जुन्या मोटारीच्या ब्रेकच्या नळ्या



मोटारीच्या दुरुस्तीचा विषय निघाला म्हणजे बोलणे बहुधा इंजिनावर येऊन थांबते. इंजिन आवाज करते, तापते, धूर सोडते, रुसते. साहजिकच मालकाचे सारे लक्ष त्याच्याकडे असते. आज ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे ती यांपैकी काहीच करीत नाही. पेन्सिलीहूनही बारीक अशी ती एक धातूची नळी आहे. गाडीच्या पोटाखाली, धुळीच्या आणि चिखलाच्या थरात दडून ती पुढून मागे जाते आणि वीस-पंचवीस वर्षे कोणाच्याही नजरेस न पडता आपले काम करीत राहते. मग एके दिवशी ती फुटते. आणि तो दिवस बहुधा ब्रेक जोराने दाबण्याचा प्रसंग आलेला असतो तोच असतो. यात दैवाचा काही भाग नाही. नळीत सर्वांत अधिक दाब त्याच क्षणी निर्माण होतो, म्हणून ती त्याच क्षणी फुटते.

आपल्या देशात जुनी मोटार म्हटली की दोन नावे आधी आठवतात. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून घेतलेली ॲम्बॅसडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात १९५७ च्या सुमारास तयार होऊ लागली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. इटलीच्या फियाट ११०० या गाडीची भारतीय आवृत्ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत असे. पुढे तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती मुंबईचा एक भाग होऊन राहिली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणून तिने निरोप घेतला. आज या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या हौसेने किंवा मायेने जपलेल्या आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले, त्यामुळे काही गाड्यांना कायद्यानेही मानाचे स्थान मिळाले. परंतु नोंदणीच्या पाटीने गाडी थांबत नाही.

या गाड्यांचे पुष्कळसे सुटे भाग अजून मिळतात. कोलकात्याच्या मल्लिक बाजारात, चेन्नईच्या पुदुपेटमध्ये, दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळ किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारात नेटाने शोधणाऱ्याला गिअरबॉक्सपासून दाराच्या मुठीपर्यंत बरेच काही हाती लागते. ब्रेकची नळी मात्र अशा बाजारातून आणू नये. दुसऱ्या गाडीतून काढलेली नळी आपल्या नळीइतकीच म्हातारी असते, आणि वाकवून सरळ करून पुन्हा वाकवलेली असल्याने आणखीच दुबळी झालेली असते. तयार नवी नळी मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास ती करून घ्यावी लागते, आणि हे काम वाटते तितके अवघड नाही. मात्र त्यात ज्या दोन-चार गोष्टी सांभाळाव्या लागतात त्यांत तडजोडीला जागा नाही, आणि आजच्या भाषणाचा भर त्यांच्यावरच राहील.

आपले मिस्त्री अडल्या वेळी मार्ग काढण्यात जगात कोणाला हार जाणार नाहीत. फुटलेल्या रेडिएटरला साबण लावून, तुटलेल्या पंखापट्ट्याऐवजी दोरी बांधून त्यांनी कित्येक कुटुंबांना मुक्कामी पोचवले आहे. मला या कौशल्याविषयी मनापासून आदर आहे. परंतु हेच कौशल्य ब्रेकच्या नळीवर चालविलेले मी पाहतो, तेव्हा माझा जीव धास्तावतो. एका चाकाची नळी गळू लागली की ती हातोडीने ठेचून चपटी करायची आणि उरलेल्या तीन चाकांच्या ब्रेकवर गाडी हाकायची, हा रस्त्यावरचा प्रसिद्ध उपाय आहे. भोकावर डाख देणे, नळी कापून मध्ये रबराचा तुकडा बसवून तारेने आवळणे, हेही त्याच जातीचे. रेडिएटरचा उपाय फसला तर इंजिन तापते, आणि माणसे रस्त्याच्या कडेला बसून राहतात. ब्रेकचा उपाय फसला तर काय होते ते सांगण्याची गरज नाही.

या नळीत किती दाब निर्माण होतो ते आकड्यांनी पाहू. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितले. या नियमाचा उपयोग मोटार थांबविण्यासाठी करण्याची कल्पना माल्कम लॉकहीड याने १९१७ साली पेटंटाने संरक्षित केली, आणि १९२१ साली ड्यूसेनबर्ग या अमेरिकन गाडीला चारही चाकांवर असे ब्रेक आले. त्या काळी नळ्यांतून जे मिश्रण वाहत असे त्यात मद्यार्क आणि चक्क एरंडेल असे, हे ऐकून पुष्कळांना गंमत वाटेल. आता चालकाने पायाने ४० किलो जोर दिला असे धरा. पेडलाच्या तरफेमुळे तो मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर पाचपट, म्हणजे २०० किलो होतो. दट्ट्याचा व्यास २२ मिलिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.८ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे द्रवातील दाब दर चौरस सेंटिमीटरला ५२ किलोच्या आसपास झाला. गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण २ किलो असतो. टायरच्या पंचवीसपट दाब ही बारीक नळी दर वेळी सोसते, आणि घाबरलेला चालक पेडलावर उभा राहिला तर दाब याहूनही वाढतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नव्या गाड्यांत ब्रेकची यंत्रणा दोन स्वतंत्र भागांत विभागलेली असते. एक भाग निकामी झाला तरी दुसरा काही ना काही काम देतो. अमेरिकेत १९६८ पासून प्रवासी मोटारींना ही विभागणी कायद्याने सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या घडणीच्या गाड्यांत, आणि आपल्याकडच्या जुन्या ॲम्बॅसडर व फियाटमध्येही, मास्टर सिलिंडर एकेरी असे. चारही चाकांचा द्रव एकच. मागच्या डाव्या चाकाजवळ सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तरी दोन-तीन वेळा पेडल मारताच सगळा द्रव बाहेर जातो आणि पेडल जमिनीला टेकते. मग हाताशी उरतो तो केवळ केबलीवर चालणारा हातब्रेक. आणि जुन्या गाडीचा हातब्रेक कसा असतो हे मालकांना ठाऊक आहेच.

नळी कुजते कोठे? उघड्या भागावर ती कचितच कुजते. जेथे ती पत्र्याला क्लिपने अडकवलेली असते तेथे क्लिपमागे माती साचते, पावसाळाभर ती ओली राहते, आणि गंज तेथे निवांतपणे आपले काम करतो. बॅटरीच्या खालून जाणाऱ्या नळीवर तेजाबाचे थेंब पडतात. मुंबई, विशाखापट्टणम, कोची अशा समुद्रकाठच्या गावी खारी हवा सर्वत्रच भिडते. रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा पावसाळाभर झाडाखाली उभी ठेवलेली गाडी या बाबतीत अधिक धोक्याची, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. तपासणी साधी आहे: क्लिप सोडवावी, नळी फडक्याने स्वच्छ पुसावी आणि नखाने चाचपावी. पृष्ठभाग केवळ काळवंडला असेल तर हरकत नाही. खड्डे हाताला लागत असतील, पापुद्रे निघत असतील, तर ती नळी संपली. पॉलिश कागदाने घासून वर रंग देणे म्हणजे आधीच पातळ झालेली भिंत आणखी पातळ करणे होय. आणि एक नळी कुजली असेल तर तिच्या बहिणी एकाच दिवशी जन्मलेल्या आहेत हे ध्यानात ठेवून सर्वच नळ्या एकदम बदलाव्यात. एका गाडीला ७-८ मीटर नळी पुरते.

नळी कशाची घ्यावी? कारखान्यातून येणारी नळी पोलादाची असते, पण ती साधी पोलादी नळी नव्हे. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादाची पट्टी दोन वेढे देऊन गुंडाळतात आणि भट्टीत तापवून त्या दोन थरांना डाख देऊन एकजीव करतात. वर गंजरोधक लेप असतो. बाहेरचा व्यास ४.७५ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा तीन-षोडशांश, आणि भिंतीची जाडी ०.७ मिलिमीटरच्या आसपास. दुसरा पर्याय तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा. ९० टक्के तांबे, १० टक्के निकेल आणि किंचित लोह व मँगनीज असे त्याचे प्रमाण असते. जहाजांवर समुद्राचे पाणी खेळविणाऱ्या नळ्यांसाठी हा मिश्रधातू वापरात होता. युरोपातील थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात, त्यामुळे तेथे पोलादी नळ्या लवकर कुजत. तेव्हा १९७० च्या दशकात स्वीडनच्या वोल्वो कारखान्याने आपल्या गाड्यांना या मिश्रधातूच्या नळ्या बसविण्यास सुरुवात केली. ही नळी पोलादीपेक्षा महाग पडते आणि आपल्याकडे बहुधा मागवून घ्यावी लागते. परंतु ती गंजत नाही, हाताने सहज वाकते आणि तिचे तोंड सुरेख फुलते. घरी काम करणाऱ्याला माझा सल्ला हिचाच राहील. मूळ पोलादी रूप गेले म्हणून काही शौकीन नाराज होतात. त्यांनी तिला करडा रंग द्यावा.

तिसरी नळीही बाजारात आहे, आणि तिच्याविषयी मला जरा कडक बोलावे लागेल. फ्रीज आणि वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती करणारे जी शुद्ध तांब्याची नळी वापरतात ती देशातल्या कोणत्याही गावात मीटरवर मिळते, स्वस्त पडते, आणि व्यासानेही जुळते. म्हणून कित्येक गॅरेजांत तीच ब्रेकला बसवतात. शुद्ध तांबे मऊ असते, पण सतत थरथरत राहिले की ते हळूहळू कडक आणि ठिसूळ होते. तांब्याची तार पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते, ते याच कारणाने. गाडीच्या धक्क्यांनी नळीच्या तोंडाशी, नेमकी जेथे ती नटातून बाहेर येते तेथे, गोल चीर पडते. ही चीर वरून दिसत नाही. तांबे-निकेलची नळी रंगाने किंचित फिकी असते एवढाच दोहोंत डोळ्यांना जाणवणारा फरक. सबब विश्वासाच्या दुकानातून, ब्रेकसाठी म्हणूनच विकली जाणारी नळी घ्यावी.

आता या कामाच्या गाभ्याकडे येतो. नळीचा सांधा मुळात बंद कशाने होतो? पुष्कळांची समजूत अशी की नटाच्या आट्यांनी. नळकाम करणारा माणूस घरातल्या पाण्याच्या नळाला सूत गुंडाळून सफेदा लावतो, हल्ली पांढरी पट्टी गुंडाळतो, तसेच येथेही करावे असे त्याला वाटते. हे सर्वथा चूक आहे. ब्रेकच्या सांध्यात नट फक्त ढकलण्याचे काम करतो. नळीचे तोंड फुलवून त्याला जो आकार दिलेला असतो तो समोरच्या भागातल्या बैठकीवर दाबला जातो, आणि धातूवर धातू घट्ट बसून द्रव अडतो. आट्यांपर्यंत द्रव पोचतच नाही. पोचत असेल तर सांधा आधीच बिघडला आहे. पट्टीचे तुकडे मात्र आत जाऊन बारीक भोके बुजवू शकतात.

म्हणून तोंड फुलविणे, ज्याला आपले मिस्त्री फ्लेअर करणे म्हणतात, ते मन लावून करावे. नळी करवतीने कापू नये. करवतीचा काप तिरका जातो आणि बारीक कीस आत पडतो. नळी कापण्याचे चाकाचे हत्यार मिळते, ते नळीभोवती फिरवत थोडे थोडे आवळत जावे. कापल्यावर आतली आणि बाहेरची धार काढावी, तोंडावरून कानस एकदाच हलकेच फिरवून ते काटकोनात आणावे, आणि नळी उलटी धरून फुंकर मारावी. मग नट नळीत ओवावा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण उत्कृष्ट फ्लेअर करून झाल्यावर नट टेबलावरच राहिला आहे असे ध्यानात आलेला माणूस ज्या गॅरेजात नाही असे गॅरेज असणार नाही.

नळी शिकंज्यात धरून तिच्या तोंडात एक छोटा ठसा बसवतात आणि वरून स्क्रूने दाबतात. पहिल्या दाबाला तोंड बाहेरच्या बाजूला फुगून छत्रीसारखे होते. ठसा काढून टोकदार शंकूने दुसऱ्यांदा दाबले की फुगीर कडा आत दुमडते आणि भिंत दुहेरी होऊन ४५ अंशांचा नरसाळ्यासारखा आकार येतो. पहिल्या प्रकाराला बहिर्गोल आणि दुसऱ्याला दुहेरी फ्लेअर म्हणू. दोहोंपैकी कोणता करायचा हे नळी ठरवीत नाही, समोरची बैठक ठरवते. बैठकीत मधोमध उंचवटा असेल तर त्यावर बसण्यासाठी नरसाळे हवे. बैठक खोलगट असेल तर तीत बसण्यासाठी फुगीर तोंड हवे. इंग्रजी घडणीच्या गाड्यांत एकाच नळीच्या दोन टोकांना दोन निरनिराळे आकार आढळतात. तेव्हा जुनी नळी काढल्यावर फेकू नये. तिची दोन्ही तोंडे नीट पाहावीत आणि काम पुरे होईपर्यंत तिला जवळ ठेवावे. नळी नुसतीच एकदा फुलवून, दुमड न देता, शंकूवर दाबायची ही फ्रीजवाल्यांची रीत येथे चालत नाही. इतक्या दाबाला एकेरी पातळ कड आवळताना चिरते.

तयार फ्लेअर भिंगाखाली पाहावा. तो मध्यावर आहे ना? कडेला चीर नाही ना? बैठकीवर टेकणारा पृष्ठभाग गुळगुळीत आहे ना? जरा शंका आली तरी तो कापून टाकावा आणि पुन्हा करावा. दोन सेंटिमीटर नळीची किंमत कोणत्याही हिशेबात धरण्याजोगी नाही. नवशिक्याने पहिले दहा फ्लेअर रद्दी तुकड्यांवर करावेत. अकरावा गाडीला लावावा.

नटांच्या बाबतीत एक सापळा आहे, तो आपल्या देशात विशेष घातक ठरतो. ॲम्बॅसडरचे मूळ इंग्रजी असल्याने तिच्यात इंची मापांचा वापर आहे. फियाटचे मूळ इटालियन, म्हणून ती मीटरी. इंची गाड्यांत सर्रास आढळणारा ब्रेकचा नट तीन-अष्टमांश इंचाचा आणि इंचाला २४ आट्यांचा असतो, म्हणजे व्यास ९.५ मिलिमीटर आणि दोन आट्यांतील अंतर १.०६ मिलिमीटर. मीटरी गाड्यांत सर्रास आढळणारा नट १० मिलिमीटर व्यासाचा व १ मिलिमीटर अंतराचा असतो. दोन्ही नट हातात घेतले तर अनुभवी माणूसही फसतो. इंची नट मीटरी भोकात जातो; किंचित सैल लागतो, पण फिरतो, आणि आवळला तर घट्ट झाल्यासारखाही वाटतो. आट्या केवळ टोकांनी एकमेकींना धरून असतात. जोराचा ब्रेक मारताच नट भोकातून उखडून बाहेर येऊ शकतो. उलट, मीटरी नट इंची भोकात अडकतो, आणि लांब पाना लावून त्याला बळेच घातले तर महागड्या सिलिंडरच्या आट्या कायमच्या जातात. ज्या गॅरेजात दोन्ही गाड्या येतात आणि सगळे जुने नट एकाच डब्यात पडलेले असतात, तेथे ही चूक होणारच. नट हाताने, बोटांच्या दोन चिमटींत, शेवटपर्यंत गेला पाहिजे आणि तो डगमगता कामा नये. एवढी कसोटी लावल्याखेरीज पान्याला हात लावू नये.

जुने नट सोडविणे हा वेगळाच झगडा असतो. आदल्या रात्री त्यांना गंज सोडविणारे तेल लावून ठेवावे. साधा दुतोंडी पाना नटाचे कोपरे गोल करतो. नळीवरून सरकवता येईल अशी फट असलेला रिंग पाना यासाठी मिळतो, तो घ्यावा. नळी बदलायचीच असेल तर ती नटाजवळ सरळ कापून टाकावी आणि नटावर सहा कोनांचा बॉक्स पाना बसवावा, हे सर्वांत सोपे.

नळी वाकविण्याचे काम आनंदाचे आहे. जुनी नळी न मोडता काढली असेल तर तिच्याच शेजारी नवी ठेवून वळणे उतरवावीत. जुनी तुकड्यांत निघाली असेल तर मऊ तार मूळ वाटेने फिरवून माप घ्यावे, आणि दोन बोटे जास्त धरावे. वळण एकदम तीव्र देऊ नये. अंगठ्याने हळूहळू, एखाद्या गोल वस्तूभोवती, नळी वळवावी. चपटी झालेली जागा म्हणजे बाद झालेली नळी. एकदा दिलेले वळण उलगडून पुन्हा देण्याचा मोह टाळावा. वाट मूळ होती तीच ठेवावी, कारण ज्याने ती प्रथम आखली त्याने धुराड्याची उष्णता, झुलणारा आस आणि उडणारे दगड यांचा विचार केलेला असतो. मूळ क्लिपा सर्व जागी बसवाव्यात. क्लिपेविना लोंबणारी नळी इंजिनाबरोबर थरथरते, आणि धातूला थकवा येण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. मास्टर सिलिंडरजवळ कधी कधी नळीला एक-दोन वेटोळी दिलेली दिसतात. ती शोभेसाठी नाहीत, थरथर पचविण्यासाठी आहेत. नळी वाचते म्हणून ती गाळू नयेत.

चाकाशी जोडणारे रबरी होज याच वेळी नवे घालावेत. जुना होज बाहेरून ठणठणीत दिसला तरी आतून फुगतो, द्रव जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, आणि मग चाक घासत राहते. होज बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तो कोठे घासत नाही ना, हे पाहावे.

द्रवाविषयी थोडेच सांगतो. ज्याला आपण ब्रेक ऑईल म्हणतो ते मुळी तेल नाही, आणि या नावाने पुष्कळ घात केला आहे. इंजिनाचे किंवा कोणतेही खनिज तेल यात चमचाभर गेले तरी रबराच्या सर्व वायसर फुगून निकामी होतात. डॉट ३ दर्जाच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. तो हवेतील ओलावा शोषतो, आणि ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० वर येते. निलगिरीचा किंवा गढवालचा घाट उतरताना तापलेल्या ड्रमांच्या उष्णतेने अशा द्रवाची वाफ होते. वाफ दबते, आणि पेडल खाली जाते. तोच ओलावा नळीला आतून गंज चढवतो. म्हणून बंद डब्यातला नवा द्रव घ्यावा आणि दोन वर्षांनी बदलावा. रंगावर तो सांडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवावा, नाहीतर रंग निघून येतो.

नळ्या जागी बसवताना गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली जाऊ नये. भक्कम घोड्या लावाव्यात. ड्रममधील जुनी धूळ फुंकून उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. नट एक ते दीड किलोग्रॅम-मीटरपर्यंत आवळावेत. आखूड पाना आणि मनगटाचा जोर पुरतो. खांद्याचा जोर फ्लेअरला चिरडतो.

हवा काढण्यास दोन माणसे लागतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक प्रथम घ्यावे. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ते बहुधा मागचे डावे असते. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या द्रवात बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबावे, दुसऱ्याने निपल उघडावे, आणि पेडल वर येण्यापूर्वी बंद करावे. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मधूनमधून मास्टर सिलिंडरच्या डब्यात द्रव भरत राहावे. तो रिकामा झाला तर सगळे पहिल्यापासून करावे लागते. बाटलीत आलेला द्रव कितीही स्वच्छ दिसो, तो पुन्हा वापरू नये. पेडल अजूनही स्पंजासारखे लागत असेल तर हवा उरली आहे. ते टणक लागते पण फार खाली जाते, अशी तक्रार असेल तर ड्रममधील शू जवळ आणावेत.

आता परीक्षा. एकाने पेडल अंगात असेल तेवढ्या जोराने मिनिटभर दाबून धरावे. पेडल कणभरही खाली सरकता कामा नये. दुसऱ्याने कोरड्या वर्तमानपत्री कागदाचे तुकडे घेऊन प्रत्येक सांधा पुसत जावे. कागदावर ओल उमटली तर तो सांधा सोडून पुन्हा एक-दोनदा बसवावा, म्हणजे फ्लेअर बैठकीवर नीट रुळतो. तरीही गळत असेल तर आणखी आवळू नये. फ्लेअर कापून नवा करावा. माप घेताना दोन बोटे जास्त धरायला सांगितले होते ते यासाठीच. त्यानंतर मोकळ्या मैदानात, हातब्रेकवर हात ठेवून, सावकाश गाडी चालवावी आणि थांबवावी. आठ दिवसांनी कागदाचे तुकडे घेऊन पुन्हा एकदा गाडीखाली जावे.

या टेबलावर फुलविण्याचे हत्यार आणि नळीचे रद्दी तुकडे मांडले आहेत. ज्यांना हात चालवून पाहायचा असेल त्यांनी पुढे यावे. नट आधी ओवायला विसरू नये.